पोट फुगतंय, छातीत जळजळ होतेय, तरी प्रोबायोटिकचा कोर्स पूर्ण करायचा का?

पत्र:

ताई नमस्कार. मी ४१ वर्षांची, राहायला डोंबिवली, नोकरी फोर्टला. दिवाळीनंतर दाताचं रूट कॅनल झालं तेव्हा पाच दिवस अँटिबायोटिक आणि दुखण्याची गोळी होती, त्यात जुलाब झाले, नंतर थांबलेही. पण पोट पहिल्यासारखं वाटत नाही असं मी घरात बोलून गेले आणि माझ्या जाऊबाईंनी त्या ज्या कंपनीचं काम करतात तिचं प्रोबायोटिक किट आणून दिलं. तीन महिन्यांचं आहे, पैसेही दिलेत. रात्री झोपताना एक कॅप्सूल आणि सकाळी एक मोठा चमचा पावडर कोमट पाण्यातून. पहिल्या आठवड्यातच पोट तट्ट फुगायला लागलं, गॅस इतका की ऑफिसमध्ये बसायची चोरी, आणि आता रात्री छातीत जळजळ, घशाशी आंबट पाणी येतं, मध्यरात्री उठून बसते. जाऊबाई म्हणतात हे टॉक्सिन्स बाहेर पडतायत, सहन कर, उलट कॅप्सूल दोन कर. मिस्टर म्हणतात फेकून दे. मध्ये मध्ये इनो घेते, केमिस्टने पॅन्टोप्रॅझोल दिलंय ते रात्री जास्त झालं की घेते. दाताच्या वेळची दुखण्याची गोळी उरलीय ती कंबर दुखली की अजून घेते, बाकी काही औषध चालू नाही. किटचा फोटो पाठवतेय. बंद करू का? त्याऐवजी दही चालेल का? आणि मुलगा ९ वर्षांचा आहे, त्यालाही द्या म्हणतायत, देऊ का?

उत्तर:

प्रिय मैत्रिणी,

बंद करा. आज रात्रीची कॅप्सूल घेऊ नका आणि उद्या सकाळची पावडरही नाही. हे काही हळूहळू कमी करत आणायचं औषध नाहीये, एकदम थांबवलं तरी शरीराला काही होत नाही, आणि कोर्स अर्धवट राहिला म्हणून अँटिबायोटिकसारखं काही बिघडतही नाही. तेवढी भीती मनातून काढून टाका म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

आता ते टॉक्सिन्सचं. तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याच वाक्याची वाटली, कारण जळजळ आपण दोन आठवड्यांत आटोक्यात आणू पण 'त्रास होतोय म्हणजे लागू पडतंय' हे एकदा डोक्यात बसलं की माणूस खरं दुखणंसुद्धा अंगावर काढतो. शरीरातला नको असलेला माल लिव्हर आणि किडन्या रोजच्या रोज बाहेर काढत असतात, त्यासाठी पोट फुगावं लागत नाही आणि आंबट पाणी घशाशी यावं लागत नाही. प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगले म्हणून घ्यायचे जिवंत बॅक्टेरिया, नवीन सुरू केल्यावर थोडे दिवस गॅस, थोडं गुडगुडणं होऊ शकतं हे खरंय, बऱ्याच जणांना होतं आणि आठवडा-दोन आठवड्यांत जातं. पण तुमचा त्रास कमी होत नाहीये, वाढतोय, आणि झोप मोडतेय. अशा वेळी डोस डबल करा हा सल्ला कुणीही दिला तरी ऐकायचा नाही.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट, आणि ही कृपा करून मिस्टरांनाही वाचायला द्या. छातीतली जळजळ ही दरवेळी ॲसिडिटीच असते असं नाही. आपल्या घरांमधून 'गॅस धरलाय' म्हणून ओवा चावत, इनो पीत रात्र काढतात आणि सकाळी कळतं की तो हार्ट ॲटॅक होता, असं होतं. बायकांमध्ये आणि डायबेटिस असलेल्यांमध्ये तर छातीत कळ येण्याऐवजी नुसतं मळमळणं, दम लागणं, जबडा किंवा पाठ दुखणं, गळून गेल्यासारखं वाटणं एवढंच असू शकतं. त्यामुळे जळजळीबरोबर दरदरून घाम, दम, हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारं दुखणं, जिना चढताना वाढणारं आणि थांबल्यावर कमी होणारं दाटणं, यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नाही, सरळ हॉस्पिटल आणि ईसीजी. तुमच्या वर्णनात तसं काही दिसत नाही, आडवं झाल्यावर वाढतंय आणि आंबट पाणी येतंय म्हणजे ते रिफ्लक्सकडेच, जठरातलं ॲसिड वर येण्याकडेच, बोट दाखवतंय, पण मी तुम्हाला तपासलेलं नाही, म्हणून हे आधी लिहिलं.

आता फोटोकडे येऊ. तुम्ही सगळं खापर कॅप्सूलवर फोडताय, पण मला त्या पावडरच्या डब्याचा जास्त संशय आहे. डब्याच्या मागे बारीक अक्षरात घटक लिहिलेत बघा, पहिलंच नाव इन्युलिन आहे, चिकोरीच्या मुळापासून काढलेलं, आणि दुसरं फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड. यांना प्रीबायोटिक म्हणतात, म्हणजे हे बॅक्टेरिया नव्हेत, बॅक्टेरियाचं खाणं. आपल्याला हे पचवता येत नाही, लहान आतड्यातून जसंच्या तसं मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले बॅक्टेरिया ते आंबवतात, आंबवताना गॅस होतो. कांदा, लसूण, गहू यातही हे थोडं थोडं असतंच, त्यामुळे कांदा-लसणाचं वाटण, पोळ्या, वर मटकीची उसळ असं जेवणाऱ्या माणसाच्या पोटात त्याची आधीच सोय असते. त्यावर पहिल्या दिवसापासून मोठा चमचाभर पावडर. पोट फुगणार नाही तर काय होईल?

आणि खालचा गॅस वरच्या जळजळीपर्यंत कसा पोचतो तेही सांगते, कारण तुम्हाला हे दोन वेगळे आजार वाटतायत. अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे स्नायूंची एक झडप असते, अन्न खाली गेलं की ती मिटते. पोट फुगून आतला दाब वाढला की ती झडप मधूनच सैल पडते आणि ॲसिड वर येतं. एवढंच नाही, मोठ्या आतड्यात आंबवणं जास्त चाललं असेल तर त्याचा परिणाम या झडपेवरही होतो. ज्यांना आधीच रिफ्लक्स आहे अशा लोकांना फ्रुक्टो-ऑलिगोसॅकराइड देऊन बघितलं तर झडप सैल पडायचं प्रमाण वाढलं आणि जळजळही वाढली असं संशोधनात दिसलेलं आहे. तिथे मात्रा मोठी होती, दिवसाला काही चमचे म्हणता येईल इतकी, पण ज्याची झडप मुळात नाजूक आहे त्याला कमीही पुरतं.

बऱ्याच जणींना वाटतं की ते बॅक्टेरिया लॅक्टिक ॲसिड बनवतात म्हणून ॲसिडिटी होते. तसं नाही. जठरातलं स्वतःचं हायड्रोक्लोरिक ॲसिड इतकं तीव्र असतं की त्यापुढे एका कॅप्सूलमधलं लॅक्टिक ॲसिड नगण्य, आणि या बॅक्टेरियांचं काम चालतं ते खाली आतड्यात.

मग कॅप्सूल निर्दोष का? तुम्ही ती ज्या पद्धतीने घेताय ती पद्धत नाही. 'झोपताना एक' याचा अर्थ मला डोळ्यासमोर दिसतोय, दिवे मालवायच्या आधी उशाशी ठेवलेल्या बाटलीतून एक घोट, कॅप्सूल गिळली आणि लगेच आडवं. अशी कॅप्सूल पुष्कळदा अन्ननलिकेतच चिकटून बसते, तिथेच विरघळते आणि आतलं अस्तर चुरचुरतं. डॉक्सिसायक्लिन नावाच्या अँटिबायोटिकमुळे आणि काही दुखण्याच्या गोळ्यांमुळे तर तिथे चक्क जखम होते. प्रोबायोटिकने इतकं होत नाही, पण सवय म्हणून सांगते, कुठलीही गोळी-कॅप्सूल बसून किंवा उभं राहून, ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर किमान अर्धा तास आडवं व्हायचं नाही. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर हे आवर्जून सांगा, ती पाणी कमी पितात.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य जे तुम्ही जाता जाता लिहिलंय, 'कंबर दुखली की अजून घेते, बाकी काही औषध चालू नाही'. अहो, तेच औषध आहे! फोटोत मागे जी अर्धी स्ट्रिप पडलीय ती दिसतेय, डायक्लोफिनॅक आहे. या जातीच्या गोळ्या, म्हणजे डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, जठराचं अस्तर सांभाळणारी जी रसायनं असतात तीच कमी करतात. दुखणं त्यामुळेच थांबतं आणि जठर त्यामुळेच उघडं पडतं. अधूनमधून, रिकाम्या पोटी, चहाबरोबर अशी गोळी घेतली तर कुठलंही किट नसतानाही छातीत आणि पोटात जळजळ होते, अल्सरही होतो. माझ्याकडे आहार विचारायला येणाऱ्या बायकांमध्ये हे इतक्या वेळा निघतं की मी आता पहिला प्रश्न जेवणाचा विचारतच नाही, पर्समध्ये कुठल्या गोळ्या आहेत ते काढून दाखवा म्हणते. त्या स्ट्रिपमधली उरलेली गोळी घेऊ नका. कंबर खूपच दुखली तर पॅरासिटामॉल, तेही पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेत, आणि कंबर वारंवार दुखत असेल तर ती एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. फोर्ट ते डोंबिवली रोज उभ्याने येणाऱ्या बाईची कंबर दुखते याला कारण असतं, ते दुसऱ्याच दुखण्याच्या उरलेल्या गोळ्यांनी जात नाही.

हे सगळं झाल्यावर खरा प्रश्न उरतो तो असा की तुम्हाला या किटची गरज होती का. माझं प्रामाणिक मत, नव्हती.

अँटिबायोटिक चालू असतानाच प्रोबायोटिक घेतलं तर जुलाब व्हायची शक्यता कमी होते, याला बरा पुरावा आहे, विशेषतः लहान मुलांमध्ये, म्हणून डॉक्टर सोबत ती छोट्या प्लास्टिकच्या कुपीतली लिक्विड औषधं किंवा यीस्टची सॅशे लिहून देतात. तुमचे जुलाब तर केव्हाच थांबले होते. अँटिबायोटिकने आतड्यातली वस्ती विस्कटते हे खरं, पण बहुतेक निरोगी माणसांची ती काही आठवड्यांत आपली आपण बरीचशी सावरते. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने एक अभ्यास छापला होता, अँटिबायोटिक घेतलेल्या काही निरोगी लोकांना अकरा प्रकारचे बॅक्टेरिया असलेलं प्रोबायोटिक दिलं आणि काहींना काहीच दिलं नाही. ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्यांचे मूळचे बॅक्टेरिया लवकर परत आले, आणि प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे परत यायला कितीतरी जास्त वेळ लागला. अभ्यास लहान होता, एकाच प्रॉडक्टवर होता, त्यामुळे त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावणार नाही मी, पण 'अँटिबायोटिक झालं की प्रोबायोटिक घ्यायलाच हवं' हे जे सरसकट सांगितलं जातं ते इतकं सरळ नाहीये हे त्यावरून नक्की कळतं. अमेरिकेतल्या पोटविकार तज्ज्ञांच्या संघटनेनेही २०२० च्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये पोटाच्या बहुतेक तक्रारींसाठी प्रोबायोटिकची शिफारस केलेली नाही, मोजक्या परिस्थितींतच केलीय.

बॉक्सवरचा तो मोठा आकडाही जरा समजून घ्या, '१० बिलियन सीएफयू'. म्हणजे हजार कोटी जिवंत बॅक्टेरिया. ऐकायला केवढं वाटतं! पण २०१६ मध्ये शास्त्रज्ञांनी केलेल्या हिशोबानुसार एका माणसाच्या शरीरात साधारण ३८ लाख कोटी बॅक्टेरिया आधीच राहतात, त्यातले बहुतेक मोठ्या आतड्यात. डोंबिवलीच्या सकाळच्या लोकलमध्ये आणखी एक माणूस चढल्यासारखं आहे हे, गाडी त्यामुळे रिकामीही होत नाही आणि त्याला बसायला जागाही मिळत नाही. कॅप्सूलमधले बहुतेक बॅक्टेरिया वस्तीला राहत नाहीत, घेणं थांबवलं की थोड्याच दिवसांत निघून जातात. आणि फायदा जो असतो तो त्या त्या स्ट्रेनचा, म्हणजे एकाच जातीतल्या ठरावीक उपप्रकाराचा असतो, नुसतं लॅक्टोबॅसिलस लिहिलंय म्हणून भागत नाही, पुढे त्या स्ट्रेनचं नाव किंवा नंबर लागतो आणि त्याच स्ट्रेनचा त्याच आजारावर अभ्यास झालेला असावा लागतो. तुमच्या बॉक्सवर नुसती जातींची नावं आहेत, स्ट्रेन एकाचाही नाही. त्याच बॉक्सवर खाली 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' असंही छापलंय बघा. आपल्याकडे एफएसएसएआय या सरकारी अन्न सुरक्षा संस्थेच्या नियमाप्रमाणे हेल्थ सप्लिमेंटवर ते छापावंच लागतं, कारण ते औषध म्हणून विकायची परवानगी नसते. तेव्हा जाऊबाई थायरॉइडपासून गुडघेदुखीपर्यंत काहीही सांगोत, कंपनीने स्वतः बॉक्सवर तसं लिहिलेलं नाही.

आता तात्पुरत्या उपायांबद्दल, कारण तिथेही गडबड चाललीय. इनो म्हणजे मुख्यतः खायचा सोडा आणि सायट्रिक ॲसिड, पाण्यात टाकलं की जो फेस येतो तो कार्बन डायऑक्साइड. ॲसिड तेवढ्यापुरतं मारलं जातं, मोठा ढेकर येतो, बरं वाटतं, पण आधीच फुगलेल्या पोटात आपण आणखी गॅस घालतो आणि सोबत भरपूर सोडियम. कधीतरी एखाद्या वेळी ठीक आहे, रोज नाही, आणि घरात कुणाला बीपी, किडनी किंवा हार्टचा त्रास असेल तर त्यांना तर विचारल्याशिवाय नाहीच. पॅन्टोप्रॅझोलचं उलटं आहे, ते रात्री जळजळ सुरू झाल्यावर घेऊन उपयोग होत नाही. ते ॲसिड बनवणारे पंप बंद करतं, आणि ते पंप जेवणाने चालू होतात, म्हणून ते सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायचं असतं आणि सलग काही दिवस घेतलं तरच पूर्ण परिणाम दिसतो. जळजळ झाली की एक, असं घेतलेलं बहुतेक वाया जातं. पण माझं म्हणणं असं की ते सुरू करायचं की नाही हे फॅमिली डॉक्टरांना ठरवू द्या, केमिस्टला नको. बरीच माणसं ही गोळी वर्षानुवर्षं चहासारखी रोज घेतात आणि मग एकदम सोडली की ॲसिड उसळून येतं आणि त्यांना वाटतं आपल्याला ही आयुष्यभर लागणार.

रात्रीच्या जेवणाचं तुम्ही काहीच लिहिलं नाही, पण डोंबिवलीहून फोर्टला नोकरी म्हणजे घरी पोचायला साडेआठ, स्वयंपाक, सगळ्यांची जेवणं होता होता दहा, आणि पावणेअकराला पाठ टेकायची कारण सकाळी पाचला उठायचंय. हे बरोबर असेल तर जळजळीचं अर्धं कारण इथेच आहे. जेवण आणि झोप यात दोन ते तीन तास हवेत, आणि तुमच्याकडे ते नाहीत, कुणी नुसतं 'लवकर जेवा' म्हणून सांगितलं तर ते कसं जमणार? म्हणून उलटं करा. मुख्य खाणं संध्याकाळी सहाच्या आसपास ऑफिसमध्येच उरका, सकाळी डबा भरताना दुसऱ्या छोट्या डब्यात दोन पोळ्यांच्या गुंडाळ्या भाजी घालून ठेवा, किंवा थालीपीठ, किंवा घावन. घरी आल्यावर सगळ्यांबरोबर बसायचं पण वाटीभर मुगाची खिचडी नाहीतर मऊ वरणभात, बस. स्टेशनबाहेरचा वडापाव हा सहा वाजताच्या जेवणाला पर्याय नाही, तळलेलं पोटात उशिरापर्यंत पडून राहतं. जेवल्यावर लगेच ओणवं होऊन ओटा-फरशी पुसायचं काम मिस्टरांकडे द्या, वाकलं की ॲसिड वर येतं, हे वैद्यकीय कारण आहे असं सांगा. परकराची नाडी आणि लेगिंगचं इलॅस्टिक घरी आल्या आल्या सैल करा, कंबरेला करकचून आवळलेलं असलं की पोटावर दाब येतो आणि याचा फरक खरंच पडतो. झोपताना डाव्या कुशीवर. डोक्याखाली तीन उशा घेऊ नका, त्याने मान वाकते आणि पोट दुमडतं, त्यापेक्षा पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा लाकडी ठोकळे ठेवून ती बाजू पाच-सहा इंच उचला. सकाळचा रिकाम्या पोटीचा कडक चहा काही दिवस नाश्त्यानंतर घ्या. आणि ॲसिडिटीवर पुदिना चांगला म्हणून पेपरमिंटच्या गोळ्या चघळत असाल तर त्या बंद, पेपरमिंटने ती झडप आणखी सैल पडते.

दही चालेल का, तर चालेल, छानच. पण घरच्या विरजणात कुठले बॅक्टेरिया किती आहेत हे कुणी मोजलेलं नसतं, त्यामुळे त्याला शास्त्रीय अर्थाने प्रोबायोटिक म्हणता येत नाही, आणि म्हणायची गरजही नाही. दह्यात प्रोटीन आहे, कॅल्शियम आहे, दुधापेक्षा लॅक्टोज (दुधातली साखर) कमी म्हणून पचायला हलकं आहे, एवढं पुरे आहे. ते दुपारच्या जेवणात घ्या, ताजं, गोडसर लागलेलं, आंबट झालेलं नको. सकाळी घुसळलेलं ताक जिरेपूड घालून पातळ करून डब्याबरोबर नेलं तर उत्तम, फक्त उन्हाळ्यात दुपारपर्यंत ते आंबतं तेव्हा ऑफिसात फ्रीज असेल तर त्यात ठेवा. रात्री नको, आंबट कढी तर नकोच. आणि कढीतले बॅक्टेरिया उकळल्यावर जिवंत राहत नाहीत, तेव्हा बॅक्टेरिया मिळावेत म्हणून कढी पिणाऱ्यांनी ती चवीसाठी प्यावी. दह्यानेही घशाशी येत असेल तर पंधरा दिवस तेही थांबवा, पोट शांत झाल्यावर परत सुरू करा.

तर आता पंधरा दिवस असं करा. किट बंद, डायक्लोफिनॅक बंद, इनो बंद, जेवणाचं वर लिहिल्याप्रमाणे. एका वहीत रोज रात्री दोन ओळी, काय खाल्लं, किती वाजता, जळजळ झाली का. गॅस बहुधा तीन-चार दिवसांतच कमी होईल कारण पावडर थांबलेली असेल, जळजळीला थोडा जास्त वेळ लागेल. पंधरा दिवसांनीही जळजळ तशीच असेल, किंवा त्याआधीच गिळताना अन्न अडकतंय, विनाकारण वजन उतरतंय, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखं काही दिसतंय, रक्त तपासणीत हिमोग्लोबिन घसरलंय, यातलं एक जरी असेल तर थांबू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. ते कदाचित एच. पायलोरीची, म्हणजे जठरात अल्सर करणाऱ्या बॅक्टेरियाची टेस्ट सांगतील, कदाचित एन्डोस्कोपी, म्हणजे तोंडातून बारीक कॅमेरा घालून केलेली तपासणी. एन्डोस्कोपीला घाबरू नका, काही मिनिटांचं काम असतं. आणि वही बरोबर न्या, डॉक्टरांचा आणि तुमचा दोघांचा वेळ वाचतो.

पंधरा दिवसांत सगळं छान झालं आणि तरीही कॅप्सूलचा दोष होता की पावडरचा हे बघायचंच असेल तर नुसती कॅप्सूल दुपारच्या जेवणाबरोबर, भरपूर पाण्याने, आठवडाभर घेऊन बघू शकता. पण मी तुमच्या जागी असते तर नसतं बघितलं. काही होत नसताना कशाला?

जाऊबाईंचा विषय मला माहितीय की पोटापेक्षा अवघड आहे. त्यांनी काळजीपोटी आणून दिलं असेल, त्यांचा तो धंदाही आहे, दोन्ही खरं असू शकतं. त्यांच्याशी टॉक्सिन्सवरून वाद घालू नका, वादात तुम्ही जिंकलात तरी गणपतीत पुन्हा एकाच स्वयंपाकघरात उभं राहायचंय. सरळ एवढंच म्हणा, 'वहिनी, तुम्ही आणलंत पण मला मानवलं नाही, मी थांबवलंय.' मानवलं नाही याच्यापुढे कुणाला काही बोलता येत नाही. न उघडलेले बॉक्स परत घेता येतात का ते विचारा, पावती असेल तर कंपनीकडे परत करायची सोय असते का तेही त्यांनाच विचारायला सांगा. पैसे परत नाही आले तर नाही आले, पण दिलेल्या पैशांसाठी उरलेल्या कॅप्सूल गिळू नका. आणि सासूबाईंना किंवा घरात कुणाला ते किट पुढे देऊ नका, केमो चालू असलेल्या, ट्रान्सप्लांट झालेल्या, प्रतिकारशक्ती खूप कमी असलेल्या माणसांना जिवंत बॅक्टेरियांच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता देणं धोक्याचं असतं, रक्तात इन्फेक्शन झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत.

मुलाला द्यायचं का, याचं उत्तर नाही. त्याला काही होतच नाहीये तर कशासाठी? ९ वर्षांच्या मुलाला डाळ, भाजी, फळं, दही आणि खेळायला मैदान मिळालं की पोट आपलं काम करतं. त्याला जुलाब लागले तर घरात आधी ओआरएसची पाकिटं हवीत, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, बहुतेक ती एक लिटरची असतात, अर्ध्या ग्लासात अर्धं पाकीट असला अंदाजपंचे हिशोब नको. सोबत झिंक लागेल का ते डॉक्टर वयाप्रमाणे ठरवतात, आणि दिलं तर जुलाब थांबले तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचं असतं. प्रोबायोटिक हवं असं वाटलं तर तेही तेच सांगतील, आणि कुठलं ते नावासकट लिहून देतील.